भाचेसुनेच्या नावाचा रकाना

जळगाव

चिरंजीव भाच्यास,

तू विचारलेले तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. शांघायच्या पगारातून जळगावात फ्लॅट घ्यावा का, म्युच्युअल फंडात दरमहा किती टाकावेत, आणि दोन-तीन वर्षांनी धुळ्याला परतून चुलतभावाच्या आयातीच्या धंद्यात भांडवल घालावं का? तिन्ही ठिकाणी तू परताव्याचा हिशेब मांडला आहेस आणि तो नीट मांडला आहेस. पण भारतीय नवरा आणि चिनी बायको अशा तुमच्या होणाऱ्या संसारात परताव्याच्या आधी वेगळं काही पाहावं लागेल, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक रुपया आणि प्रत्येक युआन कोणाच्या नावावर आहे, आणि त्या नावाला त्या देशाचा कायदा मालक मानतो का, हे आधी पाहायचं. दोघांपैकी ज्याचे कागद त्या देशात कमजोर, त्याची कमाई आणि त्याच्या नावावरची मालमत्ता आधी भक्कम करायची. पुढचं सगळं मी याच एका मुद्द्यासाठी लिहितो आहे.

फ्लॅटपासून सुरुवात करू, कारण ताई आणि दाजींचा जीव त्यात अडकला आहे. सूनबाईचं नाव दारावर आणि कागदावर दोन्हीकडे असावं ही त्यांची इच्छा प्रेमाची आहे, पण कायदा आड येतो. परकीय चलनाच्या नियमांनुसार काही देशांच्या नागरिकांना रिझर्व्ह बँकेच्या पूर्वपरवानगीशिवाय भारतात स्थावर मालमत्ता घेता येत नाही. पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, इराण यांच्याबरोबर चीन, हाँगकाँग आणि मकाऊही त्या यादीत आहेत. परवानगीशिवाय मिळू शकतो तो फक्त पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकाला ही बंदी लागू नाही, पण ते कार्ड मागण्याआधी लग्नाची नोंद आणि सलग दोन वर्षांचा संसार लागतो. त्यावर सुरक्षेची पडताळणी आहे, आणि तिचा निकाल काय व कधी लागेल हे तुमच्या हातात नाही. आता दुसरी बाजू बघ. चीनमध्ये नागरिकाला वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत परकीय चलन घेता येतं, पण २०१७ पासून त्या अर्जावर हा पैसा परदेशात घर किंवा शेअर घेण्यासाठी वापरणार नाही असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे तिच्या बचतीला तिकडचं दार बंद आणि तिच्या नावाला इकडचं. फ्लॅट झाला तर तो तुझ्या एकट्याच्या नावावर होईल. तिकडचा घरखर्च ती उचलेल, इकडचे हप्ते तू भरशील, आणि वीस वर्षांनी कागदावर तिचं काहीच नसेल. दोघांपैकी कोणाचीही नियत वाईट नसताना हे घडतं, म्हणून तर ते वेळीच ध्यानात येत नाही.

यावर तू म्हणशील, नवरा-बायकोत नाव कुणाचंही असलं तर काय बिघडलं? इथेच दोन देशांची समजूत वेगळी आहे. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या चिनी नागरी संहितेत लग्नानंतरचा पगार, धंद्याचं आणि गुंतवणुकीचं उत्पन्न दोघांचं सामाईक धरलं आहे, खातं कुणाच्याही नावावर असो. आपल्याकडे तसं नाही. इथे ज्याच्या नावावर तो मालक. बायकोला पोटगी मागता येते, राहण्याचा हक्क सांगता येतो, पण नवऱ्याच्या फ्लॅटचा अर्धा भाग आपोआप तिचा होत नाही. त्यामुळे तू काही केलं नाहीस तर असं होईल की तिच्या शांघायच्या पगारात तुझा अर्धा वाटा, आणि तुझ्या जळगावच्या फ्लॅटमध्ये तिचा शून्य. हा अन्याय एकट्या चिनी किंवा एकट्या भारतीय कायद्यातून आलेला नाही, दोन्ही एकत्र आल्यावर तो तयार होतो. त्याला उपाय आहे. चिनी संहिता नवरा-बायकोला मालमत्तेबद्दल लेखी करार करू देते. इथे तुझ्या नावावर जेवढं साचेल, त्याच्या बरोबरीनं तिथे तिच्या एकटीच्या नावावर साचावं आणि त्यावर तुझा हक्क नसावा, असा करार लग्नाआधी करा. फ्लॅट त्यानंतरच घे, आणि राहण्यापुरता घे.

आता जे सांगतो ते दाजींनाही वाचून दाखव, कारण ते तुमच्या शिरपूरच्या जमिनीबद्दल आहे. जळगाव-धुळ्याची बहुतेक कुटुंबं अजून शेत, दालमिल, आडत, दुकान एकत्र कुटुंबाच्या नावावर ठेवतात. तुमचं लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली होईल. त्याचं कलम १९ म्हणतं की एकत्र कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन माणसानं या कायद्याखाली लग्न केलं की तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असं मानलं जाईल. कलम २१ प्रमाणे अशा जोडप्याचा वारसा हिंदू कायद्यानं नाही, १९२५च्या भारतीय वारसा कायद्यानं ठरतो. १९७६च्या दुरुस्तीनं, दोघंही या चार धर्मांपैकी असतील तर ही दोन्ही कलमं लागू होत नाहीत. ती स्वतःला बौद्ध मानत असेल तर गोष्ट वेगळी, पण पुष्कळ चिनी तरुण कोणताच धर्म सांगत नाहीत, आणि जमिनीसाठी तिच्याकडून खोटं लिहून घेणं मला मान्य होणार नाही. चीनमध्ये लग्न उरकलं तर यातून सुटका होईल असंही समजू नकोस. १९६९चा परदेशी विवाह कायदा परदेशातल्या अशा लग्नालाही हेच प्रकरण लावतो. विभक्त झालास म्हणून तुझा हक्क बुडत नाही, तुझा हिस्सा त्या तारखेला वेगळा होतो एवढंच. पण हे कुणालाच ठाऊक नसेल तर पुढे भाऊबंदकी होते आणि दोष परक्या मुलीवर येतो. तिच्यामुळे घर फुटलं असं गावात म्हटलं जाण्यापेक्षा दाजींनी आजच हिस्से लिहून काढावेत.

मृत्युपत्राचा विषय लग्नाच्या तोंडावर अशुभ वाटेल, तरी लिहितो. मृत्युपत्र नसेल तर १९२५च्या कायद्यानं मुलं असताना विधवेला एक तृतीयांश मिळतं आणि बाकीचं मुलांना. मुलं नसतील तर तिला अर्धं, उरलेलं तुझ्या रक्ताच्या नातेवाइकांना. तो अर्धा भाग जर फ्लॅट असेल, तर चिनी पासपोर्टवर तो नावावर करून घेताना ती पुन्हा परवानगीच्या दारात उभी. म्हणून इथली बचत शक्यतो मुदत ठेवी, फंड, विमा अशा मोडता येणाऱ्या रूपात ठेव. नामनिर्देशन कर, पण त्यावर विसंबू नकोस, नॉमिनी हा मालक नसतो. भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र इथे वेगळं कर. आणि परत येऊन रहिवासी झालास की तिकडची खाती आयकर विवरणात दाखवावी लागतील, हे चार्टर्ड अकाउंटंटकडून आधी समजून घे.

सोन्याबद्दल मात्र मी ताईच्या बाजूनं आहे. शहाणे गुंतवणूकदार दागिन्यांना नाकं मुरडतात. घडणावळ जाते, व्याज मिळत नाही, हे खरंच आहे. पण भारतातल्या ज्या मोजक्या गोष्टी चिनी नागरिकाला कुठल्याही परवानगीशिवाय स्वतःच्या म्हणता येतात, त्यांत सोनं आहे. जळगावच्या सराफ बाजाराची ख्याती तू जाणतोसच, आणि सोनं खरेदीत चीन व भारत हे जगातले पहिले दोन देश असल्यानं तिच्या आईवडिलांनाही ते समजावून सांगावं लागणार नाही. बिलं तिच्या नावावर घ्या. सगळी बचत त्यात घालू नका, लग्नातला वाटा मात्र तिचा, आणि तो तिच्याच ताब्यात.

आता धंदा आणि नोकरी. चुलतभावाचा माल चीनमधून येतो, तुला भाषा येते, तिची तिकडे ओळख आहे, म्हणून दोघांनीही त्यातच उतरावं हा विचार वरवर बिनचूक वाटतो. मला तो सगळ्यात धोक्याचा वाटतो. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारनं काढलेल्या प्रेस नोट ३ नं सीमेलगतच्या देशांतली, किंवा त्या देशांच्या नागरिकाची अंतिम मालकी असलेली गुंतवणूक सरकारी मंजुरीखाली आणली. कंपनीत तिच्या नावाचे शेअर ठेवायचे म्हटले की हा प्रश्न येतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जोखीम. जून २०२० मध्ये सीमेवर गलवानची चकमक घडली. सरळ विमानं ऑक्टोबर २०२५ पर्यंत नव्हती, चिनी पर्यटकांचे व्हिसा जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी हजारो भारतीय मुलं दीर्घकाळ घरी अडकली. त्या काळात ज्या घरातल्या दोघांचीही रोजी या दोन देशांच्या व्यापारावर होती, त्या घराचे दोन्ही पगार एकाच दिवशी धोक्यात आले. रावेर-यावलचा शेतकरी मे-जूनच्या वादळात उभी केळीबाग आडवी झालेली पाहतो, म्हणून घराचं सगळं त्या एका बागेवर ठेवत नाही. तुम्हा दोघांपैकी एकाचं काम तरी असं हवं की सीमेवर काहीही झालं तरी चालू राहील.

ते काम शक्यतो तिचं असावं. इथे आली की ती नवऱ्याच्या नात्यानं मिळालेल्या व्हिसावर राहील, आणि पगाराची नोकरी धरण्याआधी परवानगीचं पाहावं लागेल. नोकरीच्या व्हिसाला किमान पगाराची अट असते. भाषा शिक्षक आणि अनुवादक यांना त्यातून सूट आहे, ती लक्षात ठेव. तू तिकडे राहिलास तर तुझी अवस्था तशीच: कुटुंबाच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, आणि कंपनीनं मिळवून दिलेला परवाना नोकरीबरोबर जातो. विवाहाच्या नात्यानं कायम वास्तव्य मागायचं तर पाच वर्षांचा संसार, पाच वर्षं सलग आणि दर वर्षी किमान नऊ महिने तिथलं राहणं, शिवाय उपजीविका आणि घर दाखवावं लागतं. म्हणून करिअरच्या निवडीत पगाराच्या आकड्याइतकंच, हे काम करताना कुठे किती वर्षं मोजली जातात हेही धरा.

हे सगळं अविश्वासाचं वाटतं, असं ताई म्हणेल. तिला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण करून दे. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला, १९४१ मध्ये ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न झालं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तो गेला तेव्हा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. छिंगलान यांच्याकडे परिचारिकेचं शिक्षण आणि स्वतःचं काम होतं. दुसऱ्या टोकाला बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीचे वांग छी. १९६३ मध्ये सीमेपलीकडून आलेला हा चिनी सैनिक कैदेतून सुटल्यावर तिथे राहिला, इथल्या बाईशी संसार केला, पिठाच्या गिरणीत राबला, आणि स्वतःच्या देशाचं तोंड त्याला २०१७ मध्ये पाहता आलं. प्रेमाची कमतरता दोन्हीकडे नव्हती. कागदाअभावी तिरोडीच्या घरानं जे भोगलं ते टाळता येण्यासारखं आहे.

तू म्हणशील, आता संबंध सुधारताहेत, विमानं सुरू झाली, मामा १९६२ मध्येच अडकला आहे. संबंध सुधारावेत असं मलाही मनापासून वाटतं. पण शत्रू ठरलेल्या देशाच्या नागरिकांची इथली मालमत्ता सरकारकडे ठेवणारा शत्रू संपत्ती कायदा १९६८चा असला तरी त्याची दुरुस्ती २०१७ची आहे, आणि तिनं भारतीय नागरिक असलेल्या वारसांचाही अशा मालमत्तेवरचा हक्क संपवला. चिनी नागरिकांच्या १२६ मालमत्ता सरकारच्या यादीत आहेत. तशी वेळ येण्याची शक्यता फार थोडी, हे मी मान्य करतो. पण आली तर सगळंच जातं, आणि त्या वेळेसाठी आज करायची तरतूद स्वस्त आहे. सिंगापूरसारख्या तिसऱ्या देशात स्थायिक होणं हाही मार्ग आहे. दाजींचं वय पाहता तो तुला रुचणार नाही, तरी सूनबाईसमोर तो ठेव, लपवू नकोस.

मुलांच्या पासपोर्टचाही निर्णय आधी व्हावा. दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. मूल तिकडे जन्मलं आणि भारतीय राहायला हवं असेल तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद लागते. शिरपूरची जमीन पुढे कुणाच्या नावावर जाऊ शकेल, हे त्या नोंदीवरही अवलंबून राहील.

विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देण्याआधी तुमच्यापैकी एकानं त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. तू दिवाळीला येणार असशील तर रजा त्या हिशेबानं मागून घे. त्याआधी दोघांची खाती, ठेवी, कर्जं एका कागदावर लिहा. तिच्या बाजूचं तिनंच लिहावं, तू तिच्या वतीनं नको. हे पत्र तिला भाषांतर करून पूर्ण वाचून दाखव, आणि तिला जे पटणार नाही ते मला जसंच्या तसं कळव. हिस्स्यांबद्दल दाजींशी मी बोलतो.

तुझा,
मामा