आरशाशी नको, वहीशी बोल

जांबोटी,
आषाढ

चि. बाळास,


परवा फोनवर तू शेवटी जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. मुलाखतीच्या दारातून परत फिरलीस हे कळलं तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. माणसं परत फिरतात, पुन्हा जातात. पण "रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मी यशस्वी आहे, मी निर्भय आहे, असं एकवीस वेळा म्हणते. तरी फरक पडत नाही. म्हणजे खोट माझ्यातच आहे," असं तू म्हणालीस आणि लाइन गेली. पावसाने इथली रेंज गेली ती अजून आलेली नाही, म्हणून हे पत्र. एका परीने बरंच झालं. फोनवर तू "हो गं, हो गं" करून मला गप्प बसवतेस.

आधी रागावून घेते. आरशाचा हा उपाय शिकवणाऱ्या शिबिराचे पैसे तू वैनीला न सांगता भरलेस, हे एक वेळ समजू शकते. पण त्यासाठी मेसचा डबा बंद केलास? चहा-बिस्किटांवर दिवस काढून रात्री दोनपर्यंत जागायचं, आणि सकाळी छातीत धडधडलं की म्हणायचं, माझं मन दुबळं. अगं, ती धडधड निम्मी पोटातली आहे! डबा आजपासून सुरू कर. पैसे मी पाठवते.

आता त्या आरशाचं. खोट तुझ्यात नाही, त्या उपायात आहे. हे मी मायेपोटी म्हणत नाही. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातल्या जोअॅन वुड या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे तपासून छापलंय. ज्यांचं स्वतःविषयी मत आधीच खालावलेलं होतं, त्यांना स्वतःविषयीचं एक छान वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर त्यांना आणखीच वाईट वाटलं. ज्यांचं मत मुळात चांगलं होतं त्यांना थोडा फायदा झाला, तोही जेमतेम. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच अपाय. कारण उघड आहे. तू "मी निर्भय आहे" म्हणतेस तेव्हा मन आतून त्या दाराची आठवण काढतं. खोटं बोललेलं मनाला कळतं, बाळ. आणि शिबिरातला तो माणूस पैसे घेऊन गेल्यावर दोष तुझ्या पदरात टाकून मोकळा.

गोड स्वप्नांचंही तसंच. गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा दोन वर्षं माग ठेवला. नोकरी लागल्याचं चित्र मनात रंगवत बसणाऱ्यांनी अर्जच कमी केले, त्यांना बोलावणी कमी आली, पगारही कमी मिळाला. सुखाची चव आधीच चाखली की पाय हलत नाहीत. तुझ्या खोलीच्या भिंतीवर ते चकचकीत ऑफिसचं चित्र आहे ना, ते काढ.

मग करायचं काय? माझं म्हणणं तुला पाठ आहे, तरी पुन्हा सांगते: काम आधी, विश्वास मागून. खव्याच्या भट्टीवरची आठवण काढ. दादा आजारी असताना तू नववीत होतीस. कढईतलं दूध आटत आलं की उलथणं थांबवायचं नाही, नाही तर बुडाशी लागतं. कडेचा थर सोडवून आत घ्यायचा, जाळ कधी मागे ओढायचा हे धुरात डोळे बारीक करून बघायचं. पहिला घाणा तू करपवलास, रडलीस. पुढे बेळगावचा तो कुंदेवाला तुझा खवा बोटांत चोळून बघायचा आणि काही न बोलता पैसे मोजायचा. त्या काळात तू एकदा तरी आरशासमोर "मी उत्तम खवा करते" म्हणालीस का? हात चालत राहिले, मग मन त्यांच्या मागे आलं.

हेच अल्बर्ट बांदुरा या माणसाने १९७७ साली शास्त्राच्या भाषेत मांडलं. तो स्टॅनफर्डला शिकवायचा, पण जन्मला कॅनडातल्या मुंडेर नावाच्या खेड्यात, वाढला तिथेच. हायस्कुलात शिक्षक दोन. मुलं बरंचसं आपलं आपणच शिकत. आपल्या शाळेची आठवण येते की नाही? त्याचं म्हणणं, "मला हे जमेल" ही खात्री सगळ्यात पक्की बसते ती स्वतः करून बघितल्याने. त्याखालोखाल आपल्यासारख्या माणसाला करताना बघून. तुरमुरीची मलप्रभा जाधव बघ. शेतकऱ्याच्या घरची पोर. २०१८ साली जकार्ताला एशियाडमध्ये कुराश या कुस्तीप्रकारात, ५२ किलो गटात, कांस्यपदक घेऊन आली. नाव आपल्या कणकुंबीच्या नदीचं. तिच्या सरावाचा विचार कर, पदकाचा नको.

आणि मनाशी बोलायचंच असेल तर खरं बोल. दादरच्या प्रदर्शनात घेतलेलं अंजली जोशींचं 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तक मी तुला दिलं होतं. ते तू उघडलं नाहीस, मला ठाऊक आहे. हा एलिस एकोणीस वर्षांचा असताना बायकांशी बोलायला थरथरायचा. न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात तो रोज जाऊन बसू लागला. बाकावर बाई एकटी दिसली की तिच्याशी एका मिनिटाच्या आत बोलायचं, असा स्वतःला दंडक घातला. महिनाभरात शंभर जणींशी बोलला. कित्येक उठून गेल्या. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. हाती काही लागलं नाही म्हणशील. पण आकाश कोसळत नाही हे त्याला अंगावर घेऊन कळलं, आणि भीती गेली. पुढे १९५५ मध्ये त्याने विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी त्याच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे आणली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी जी संस्था सुरू केली, तिथेही हीच वाट धरलेली आहे.

तुला लागेल तेवढंच सांगते. घटना आणि आपलं दुःख यांच्या मधे एक वाक्य बसलेलं असतं. ते वहीत लिहून काढ. तुझं मीच लिहिते, कारण ते तू मला गणपतीत बोलून दाखवलं होतंस: "इंग्रजीत अडले तर ते हसतील, आणि हसले तर मी संपले." आता शेजारी विचार. हसतीलच कशावरून? हसले तर वाईट वाटेल, खूप वाटेल. पण संपणार काय? मग खाली खरं वाक्य लिही: "मी अडेन, थांबेन, पुन्हा वाक्य जुळवेन. नोकरी मिळेल किंवा नाही मिळणार." हे वाक्य गोड नाही, पण मन त्याला खोटं पाडू शकत नाही. एकदा रात्रीच्या वेळी आजीला घेऊन तू बाहेर पडलीस, तेव्हा तुला भीती वाटत नव्हती का? वाटत होती, आणि तू गेलीस. तेही त्याच वहीत लिही. तुझ्या बाजूचा पुरावा कुठे तरी मांडलेला असू दे.

मला दुसरीच काळजी आहे, तीही बोलते. "आपल्या जांबोटीच्या मुलींना कोण घेतंय" हे तुझं वाक्य तुझं नाहीच, ते आपल्या ओट्यावरचं आहे. या भागाला वाट बघायची सवय लागलीय. १९५६ पासून तीन पिढ्या सीमाप्रश्नाच्या निकालाकडे डोळे लावून बसल्यात, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ पासून पडून आहे. हक्कासाठी भांडायचंच, त्यात मी मागे हटणार नाही. पण भांडता भांडता "आपलं कोण ऐकतंय" हे घरात इतकं बोललं गेलं की मुलं ते पाळण्यातच शिकतात. मराठी शाळेत शिकलेली पोर बेळगावच्या कॉलेजात वर्षभर मागच्या बाकावर तोंड मिटून बसते. कन्नड येत असून बोलत नाही, इंग्रजी येत असून बोलत नाही. बसमध्ये कंडक्टरशी कन्नडात हुज्जत घालणारी तू, तिथे मुकी कशी होतेस? मराठी असणं आणि मागे राहणं यांची गाठ कुणी बांधली? आरशातल्या वाक्यांनी ती सुटायची नाही. वर्गात हात वर करून, चुकीचं का होईना, उत्तर दिल्याने सुटेल. ओट्यावरच्या लोकांना मी गाठून सांगणारच आहे, पोरांसमोर असलं बोलू नका म्हणून.

आणि बाळ, एक अगदी खरं सांग. झोप नसणं, जेवण तुटणं, रडू येणं हे मुलाखतीच्या आधीपासून आहे का? तसं असेल तर वही पुरणार नाही, माझी पत्रंही नाहीत. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे मी तुझ्याबरोबर येईन. लाज बाळगू नकोस. ताप आला असता तर बाळगली असतीस का?

सोमवारी त्या ऑफिसला फोन कर. "त्या दिवशी मला जमलं नाही, पुन्हा वेळ मिळेल का?" एवढंच विचार. कारणं देत बसू नकोस. नाही म्हणाले तर दुसरीकडे अर्ज टाक, आणि कुठे टाकलास ते मला कळव. वैनीला मात्र इथली रेंज आली की लगेच फोन लाव. ती दोनदा इथे येऊन तुझ्याबद्दल विचारून गेली, आणि मी तिच्यापासून काही लपवणार नाही.

तुझी,
आत्या