राग मानूं नका

'विथ ड्यू रिस्पेक्ट' हा इंग्रजी वाक्प्रचार दिसावयास विनयाचा. व्यवहारांत तो मतभेदाची नांदी आहे. योग्य तो आदर व्यक्त करणारा पुढच्याच वाक्यांत आपलें म्हणणें खोडणार, हें इंग्रजी जाणणारा ओळखून असतो. विलायती वकिलांत तर याच्या पायऱ्याहि विनोदानें सांगतात. नुसता 'रिस्पेक्ट' म्हणजे आपलें चुकतें आहे. 'ग्रेट रिस्पेक्ट' म्हणजे पुरतें चुकतें आहे. 'ग्रेटेस्ट' म्हटलें कीं वाद घालण्याजोगेंहि कांहीं उरलें नाहीं! आमच्या सांवेरास मारुतिरायच डोकें खालीं करून उभे आहेत, तेव्हां उलटेपणाचें आम्हांस वावडें नाहीं. पण मारुतीचें उलटेपण सर्वांस दिसतें.

येथील न्यायालयांत चालते ती हिंदी. पक्षकार बोलतात माळवी. एकदां आम्हीं प्रतिपक्षाच्या वकिलांचें म्हणणें "पूरे सम्मान के साथ" असा आरंभ करून खोडून काढलें. बाहेर येतांच आमचे वृद्ध पक्षकार, बांधाच्या तंट्यापायीं चार वर्षें खेटे घालणारे, हात जोडून म्हणाले, "वकीलसाहेब, आपण त्यांचा मान राखलात. मग माझी जमीन गेलीच ना?" शब्द त्यांस नीट कळले होते, संकेत कळला नव्हता, आणि तो त्यांस कळावा तरी कां? त्यांची समजूत घालण्यास अर्धा तास लागला.

मराठींत अशा वेळीं "राग मानूं नका, पण" असें म्हणतात. कोंकणींत "राग करूं नाकात". इंग्रजी वाक्य बोलणाराच्या सभ्यतेची ग्वाही देतें. आपलें वाक्य ऐकणाराला लागणार आहे हें आधींच कबूल करतें. 1767 सालीं मालेराव वारल्यावर राघोबादादा माळव्यावर चालून आले, तेव्हां अहिल्याबाईंनीं धाडलेला निरोप परंपरेनें सांगतात: आपण जिंकलांत तर बाईस जिंकल्याची शोभा नाहीं, हरलांत तर मात्र जगांत हंसें होईल. त्यांतील बोंच समजावून सांगण्यास दादांस वकील लागला नसावा.

हल्लीं देवस्थानच्या वार्षिक सभेंतहि एखादा तरुण सभासद जमाखर्चावर बोलतांना 'विथ ड्यू रिस्पेक्ट' म्हणतो. वडीलधारे प्रसन्नपणें मान डोलावतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. तो "काका, राग मानूं नका" म्हणाला असता तर काका रागावले असते खरे. पण वही उघडावी लागली असती.