न आलेली चारशे

काही बाइक्स शोरूममध्ये येतात, काही फक्त वॉलपेपरवर राहतात. आमच्या वॉलपेपरवरची बाइक होती पल्सर एसएस ४००.

फेब्रुवारी २०१४. ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत बजाजने दोन नव्या पल्सर दाखवल्या. एक सीएस ४००, दांडगट, क्रूझर वळणाची. दुसरी एसएस ४००, अंगभर फेअरिंग, जणू रेस ट्रॅकवरून थेट उतरलेली. नावात चारशे, इंजिन पावणेचारशे सीसीच्या आसपास. युरोपात ही तशी लहानच गाडी. पण दीडशे सीसीवर वाढलेल्या आमच्यासाठी... बॉस, विमान!

टेंभी नाक्यावरच्या आमच्या कट्ट्यावर लगेच दोन पक्ष पडले. माझा जिगरी दोस्त कट्टर एसएसवाला. पगारातून दर महिन्याला पाच हजार बाजूला. बाबा म्हणाले, "नाक्यावरून स्टेशनला जायला चारशे सीसी कशाला रे? नवरात्रात इथे चालायला जागा नसते." पॉइंट बरोबर होता. पण आम्हाला स्टेशनला कुठे जायचं होतं? आम्हाला गोव्याला जायचं होतं!

सप्टेंबर २०१४ मध्ये केटीएमची आरसी ३९० आली. केटीएममध्ये बजाजची २००७ पासून भागीदारी, गाडी चाकणमध्येच बनलेली आणि इंजिन ३७३ सीसीचं. आता एकाच घरातले दोन भाऊ एकाच इंटरव्ह्यूला कशाला पाठवायचे? मला तरी हिशोब असाच दिसतो. मार्च २०१५ मध्ये एसएसचा तोंडवळा घेऊन आरएस २०० आली, इंजिन जवळपास निम्मं. डिसेंबर २०१६ मध्ये सीएसची डॉमिनार ४०० झाली. एसएस ४०० मात्र आलीच नाही.

त्याआधीच, २०१५ च्या दिवाळीत, दोस्ताची दुबईची नोकरी पक्की झाली. साठलेले पैसे तिकीट आणि घराच्या डिपॉझिटमध्ये गेले. निघण्यापूर्वी आम्ही त्याच्या जुन्या दीडशेवरच डबलसीट गोवा गाठलं. तो पुढे, मी मागे. कशेडी घाटात गाडी धापा टाकत होती आणि आम्ही खिदळत होतो. चारशेवर फार तर दोन-तीन तास आधी पोचलो असतो.

कंपनी एखादं मॉडेल रद्द करते, कारण तिच्याकडे पुढचं तयार असतं. आपल्या ट्रिपचं तसं नसतं.

मे २०२४ मध्ये पल्सर एनएस ४००झेड लाँच झाली. ४० पीएस, सुरुवातीची किंमत १ लाख ८५ हजार, एक्स-शोरूम. दहा वर्षांनी 'पल्सर' आणि 'चारशे' अखेर एका टाकीवर आले, फेअरिंग मात्र नाही. त्याच रात्री दुबईहून मेसेज आला, "आली बघ! घेऊ का?" साहेबांना आता दोन मुलं आहेत, दारात सात सीटर आहे.

मी लिहिलं, "तू घे. मी मागे बसतो."