सेऊल नगरींतील तीन पिढ्यांचे कलावंत

कोरिया देशाची राजधानी सेऊल ही डोंगरांच्या कुशींत वसलेली नगरी आहे. तेथील राजवाडे, बुद्धमंदिरें व बाजार यांचीं वर्णनें पुष्कळ प्रवाशांनीं केलेलीं आहेत. तींच पुन्हां लिहून वाचकांचा वेळ घेण्याची आमची इच्छा नाहीं. आम्ही तेथें गेलों असतां आमचें मन गुंतलें तें तेथील आजच्या कलावंतांच्या कामांत. आमच्या घरांतील एखादें मूल चित्रकलेकडे वळूं लागलें, कीं वडील मंडळींच्या तोंडून एकच प्रश्न निघतो : “पुढें काय?” तोच प्रश्न मनांत ठेवून आम्ही तेथील कलागृहें पाहिलीं.

ग्योंगबोकगुंग राजवाड्याशेजारींच राष्ट्रीय कलासंग्रहालयाची इमारत आहे. ती २०१३ सालीं उघडली. त्या जागीं पूर्वीं लष्कराच्या गुप्तचर खात्याची कचेरी होती. जेथें सामान्य नागरिकास सहज पाऊल टाकतां येत नसे, तेथें आतां शाळेचीं मुलें चित्रें पाहत फिरतात.

वृद्ध पिढींतील पार्क सो-बो हे १९३१ सालीं जन्मले व २०२३ सालीं वारले. होंगइक विद्यापीठांत त्यांनीं अनेक वर्षें अध्यापन केलें. त्यांचा लहान मुलगा एकदां चौकटींच्या वहींत अक्षर बसवूं लागला. अक्षर चौकटींत मावेना. मुलगा लिही, खोडी, पुन्हां लिही. शेवटीं चिडून त्यानें पानभर रेघोट्या ओढल्या. शिक्षकाच्या दृष्टीनें पान फुकट गेलें. परंतु पार्क यांस त्या रेघोट्यांत हट्ट सोडून दिल्याची मोकळीक दिसली. त्यांतूनच ओल्या पांढऱ्या रंगावर पेन्सिलीनें पुन्हां पुन्हां रेषा ओढण्याची त्यांची पद्धति निघाली, आणि तीच पुढें नाना रूपांनीं त्यांनीं अर्धशतकाहून अधिक काळ चालविली. भिक्षूचा जप जसा, तसें हें काम, असें ते म्हणत. या पिढीच्या एकरंगी चित्रांस तेथें ‘दानसेकह्वा’ म्हणतात. परदेशांत त्यांस मोठी मागणी आली ती २०१० नंतरच्या दशकांत. तेव्हां पार्क यांनीं ऐंशी वर्षें ओलांडलीं होतीं. फुप्फुसाच्या कर्करोगाचें निदान जाहीर केल्यावरही त्यांनीं हातची पेन्सिल ठेविली नाहीं.

संग्रहालयाची जुनी शाखा शहराच्या दक्षिणेस ग्वाचन येथें डोंगराच्या पायथ्याशीं आहे. तेथील मधल्या गोल दालनांत नाम जून पाइक यांनीं १९८८ सालीं उभारलेला दूरदर्शन संचांचा मनोरा आहे. कोरियाचा राष्ट्र-संस्थापनेचा दिवस ३ ऑक्टोबर. म्हणून संचही १००३. पाइक २००६ सालीं निवर्तले, पण मनोऱ्याचें वय वाढतच राहिलें. जुन्या पद्धतीच्या कांचनळ्या कोणी बनवीनासें झालें, आणि २०१८ सालीं तो बंद करावा लागला. सगळेच पडदे नवे बसवावे, तर पाइकांचें काम उरलें असें म्हणावें काय? विझूं द्यावा, तर जतन कसलें? अखेर ७३७ संच दुरुस्त केले, २६६ लहान संचांस नवे पडदे बसविले, आणि २०२२ सालीं मनोरा पुन्हां उजळला. कलावंत गेल्यावरही ‘पुढें काय’ हा प्रश्न सुटत नाहीं. तो फक्त दुसऱ्यांच्या गळ्यांत पडतो.

मधल्या पिढीची चिंता निराळी आहे. सो दो-हो (जन्म १९६२) यांचे वडील शाईचीं चित्रें काढणारे नामांकित चित्रकार होते. राजवाड्यांतील एका वास्तूच्या धर्तीवर त्यांनीं आपलें घर बांधलें. पुत्र शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला आणि त्यास त्या घराची आठवण स्वस्थ बसूं देईना. १९९९ सालीं त्यानें तें घर झिरझिरीत रेशमी कापडाचें शिवलें — पूर्ण आकाराचें, आणि घडी घालून पेटींत नेतां येईल असें! किम्सूजा (जन्म १९५७) या बाई आईसमवेत गोधडी शिवीत असतां कापडालाच आपलें साधन मानूं लागल्या. त्यांचीं रंगीत गाठोडीं प्रसिद्ध आहेत. संसार गुंडाळून निघालेल्या माणसाची ती खूण. २००७-०८ च्या सुमारास त्यांनीं मुंबईंतील धोबीकामावरही चलच्चित्र केलें. परक्या देशींच्या बाईनें आमच्या धोबीघाटाकडे इतक्या आस्थेनें पाहावें, याचें आम्हांस कौतुक वाटलें.

तरुणांपैकीं किम आ-यंग (जन्म १९७९) यांनीं २०२२ च्या चलच्चित्रांत सेऊलच्या रस्त्यांवर दुचाकीवरून घरोघर माल पोंचविणारी स्त्री दाखविली आहे; तिचा क्षणन् क्षण यंत्र मोजीत असतें. त्या कामास २०२३ सालीं ऑस्ट्रियांत मोठें पारितोषिक मिळालें. त्यांच्याहून लहान मीरे ली (जन्म १९८८) यांस २०२४ सालीं लंडनच्या टेट मॉडर्नचें प्रचंड यंत्रदालन काम मांडण्यास मिळालें.

या यशापूर्वीं तरुणांस पाय टेकावयास जागा लागते. सेऊलच्या पश्चिमेस नांजीदो येथें १९७८ ते १९९३ पर्यंत शहराचा कचरा टाकीत. त्याचा डोंगर झाला होता. आज तेथें उद्यान आहे. कचऱ्यांतून झिरपणारें घाण पाणी शुद्ध करण्याची जी इमारत होती, तिच्यांत २००६ सालीं नगराच्या कलासंग्रहालयानें कलावंतांसाठीं कार्यशाळा उघडल्या. निवडलेल्या कलावंतांस ठरावीक मुदतीपुरती तेथें खोली मिळते. मुदत संपली कीं दुसरा येतो.

या खोल्यांतून उद्यांचा पार्क निघेलच, असें कोणीही सांगूं शकणार नाहीं. पण ऐंशी वर्षांनंतर ज्यास जगानें ओळखलें, त्यास मधलीं वर्षें कोणीतरी विद्यापीठांत जागा दिली होती, हें विसरतां कामा नये. “पुढें काय?” हें मुलास विचारण्याचा वडिलांचा हक्क आम्ही नाकारीत नाहीं, मात्र “त्यास एक खोली आणि कांहीं वर्षें देण्याची आपली तयारी आहे काय?” हें त्यांनीं आधीं स्वतःस विचारावें, एवढीच आमची विनंति आहे.