मोडी, बाळबोध आणि पेशी

एका वस्तूला तीन नावे, ही आम्हां बडोदेकर मराठी कुटुंबांची जुनी सवय. सजीवाच्या मूलभूत घटकाला घरी आम्ही ‘पेशी’ म्हणतो; गुजराती शाळेत तोच ‘कोष’ होतो आणि इंदूरच्या भाचरांच्या हिंदी पुस्तकात ‘कोशिका’. हिंदी माणसाला ‘पेशी’ म्हटले की कोर्टातली हजेरी आठवते! ‘क्रोमोसोम’चेही तसेच. हे धागे रंगद्रव्यात गडद दिसतात म्हणून वाल्डेयर यांनी १८८८ मध्ये ‘रंगीत देह’ अशा अर्थाचे हे ग्रीक नाव दिले. गुजरातीने तो रंग राखून ‘रंगसूत्र’ केले. मराठीने कार्य पाहून ‘गुणसूत्र’ म्हटले.

माझी नात हैदराबादेत जैवमाहितीशास्त्र शिकते. आपला अभ्यास घरी सांगता येत नाही, ही तिची खंत. तो न कळल्यास तिच्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याला परका राहील, ही माझी. ‘प्रतिलेखन’ आणि ‘अनुवाद’ या दोन संज्ञांपाशी आम्ही बराच काळ अडलो होतो. मार्ग सापडला तो घरातल्या जुन्या मोडी कागदांत.

मोडी मजकूर बाळबोधीत उतरवला तर वळण बदलते, भाषा मराठीच राहते. डीएनएवरून आरएनए घडतो तो असाच: अक्षरे चारच, फक्त थायमिनच्या जागी युरॅसिल येते. हे प्रतिलेखन. तोच मजकूर गुजरातीत नेला तर भाषाच बदलते. पेशीतला रायबोसोम आरएनएची तीन-तीन अक्षरे वाचून एकेक अमिनो आम्ल जोडतो आणि प्रथिन तयार होते. हा अनुवाद. एकूण त्रिके ६४. त्यांपैकी ६१ वीस अमिनो आम्लांची, उरलेली ३ पूर्णविरामाची.

लेखनिकाचा हस्तदोष इथेही घडतो. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एकच अक्षर बदलते, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते; आई आणि वडील या दोघांकडूनही असे जनुक आले तर मुलाला सिकलसेलचा आजार होतो. एकाकडूनच आले तर ते मूल केवळ ‘वाहक’. विदर्भातील आणि गुजरातेतील आदिवासी वस्त्यांत हा आजार आढळतो. तिथल्या आईला ‘वाहक’ आणि ‘रुग्ण’ यांतील भेद तिच्या भाषेत कळला नाही, तर तपासणीचा कागद तिच्या काय कामाचा? परिभाषा ही पंडितांची हौस नव्हे, ती एवढ्यासाठी.

सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील शब्दांचे अनेक भाषांतील पर्याय त्यात शेजारी-शेजारी मांडलेले आहेत. विज्ञानाच्या शब्दांनाही हीच रीत लाभावी. ‘डीएनए’ आहे तसाच राहू द्यावा. पण अर्थ उलगडणारा घरचा शब्द असेल, तर तो टाकू नये. अनेकांचे जनुकीय मजकूर संगणकावर एकाखाली एक लावून त्यांतील फरक हुडकणे, हे नातीचे काम. जुन्या पोथ्या ताडून पाहणारे संशोधक अशा फरकांना ‘पाठभेद’ म्हणत आले. नातीनेही तोच शब्द उचलला आहे.