एक फियाट असताना

पहिली जुनी मोटार माणसाकडे बहुधा आपण होऊन येते; कुणाच्या वडिलांनी हप्त्यांवर घेतलेली असते, कुणाला मामांनी सोपवलेली असते, तर कुणाच्या वाड्यात ती ताडपत्रीखाली आधीपासूनच उभी असते. दुसरी मात्र शोधून आणावी लागते, आणि तिच्या खरेदीला आठवणींची सबब देता येत नसल्यामुळे, बेताच्या मिळकतीच्या माणसाला आपल्या हौसेचा हिशेब प्रथमच उघडपणे मांडावा लागतो.

महाराष्ट्रात ही पहिली गाडी पुष्कळदा फियाट असते. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटालियन आराखड्यावर तयार होणारी, १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनाची ही मोटार १९७४पासून ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर टिकली. इतका काळ ती राबल्यामुळे तिच्या कार्ब्युरेटरचा, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करून इंजिनाला देणाऱ्या भागाचा, स्वभाव कानाने ओळखणारे मिस्त्री अजून भेटतात आणि तिचे सुटे भागही जुन्या बाजारात हाती लागतात.

दुसऱ्या गाडीची ओढ नेमकी या सोयीपासून दूर नेते. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१पासून सुमारे दहा वर्षे बनवलेली हेरल्ड पाहिली, की फियाटवाल्याचे मन चळते. मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाने काढलेली तिची धारदार अंगलट, आणि पुढच्या चाकांवरच्या मडगार्डांसह पुढच्या बाजूला कलंडून सारे इंजिन मोकळे करणारे तिचे बॉनेट, यांपुढे व्यवहारज्ञान फार वेळ टिकत नाही. शिवाय ओढीला युक्तिवादही सापडतो. फियाटला वेगळी चॅसी, म्हणजे खालची स्वतंत्र पोलादी चौकट, नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा, त्यामुळे तळाचा पत्रा गंजला की गाडीचे बळच जाते. हेरल्डची बॉडी मात्र चॅसीवर बोल्टांनी बसवलेली असल्याने ती उतरवून दुरुस्त करता येते. हे खरे आहे. पण ती उतरवल्यावर परत जुळवणारा कारागीर कोठे आहे, आणि लागणारा रबरी बुश कोणाकडून घडवून घ्यायचा, या प्रश्नांपाशी तो युक्तिवाद थांबतो.

विकत घेताना दिलेली रक्कम हा या व्यवहारातला सर्वांत लहान आकडा असतो. स्वस्त मिळालेल्या गाडीच्या रंगाखाली बहुधा लांबी, म्हणजे खड्डे बुजवण्याचा लगदा, जाड भरलेली असते आणि तेथे लोहचुंबक धरला तर तो चिकटत नाही. पत्रा, रंग, वायरिंग आणि इंजिन यांची कामे एकामागून एक निघत जातात, आणि अर्ध्यावर थांबलेल्या गाडीला गिऱ्हाईकही मिळत नाही. त्याहून वाईट अवस्था उभ्या गाडीची. चालणारी गाडी झिजते, पण उभी गाडी आतून बिघडते: बॅटरी उतरते, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल आटून त्याचा चिकट थर बसतो, ब्रेकच्या सिलिंडरांतली रबरे जाम होतात, आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही व ओलही धरते. दोन गाड्या फिरवायला रविवार मात्र आठवड्यात एकच येतो.

कायद्याचा आधारही मर्यादितच आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून वीस हजार रुपये शुल्कात दहा वर्षांची नोंदणी मिळते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे हेरल्ड त्या नोंदणीत घातली, तर ती कचेरीला न्यायची मुभा राहत नाही.

दुसरी घ्यायचीच असेल तर ती फियाटच असावी, हे मत कोणाच्याही पचनी पडत नाही. (दोन फियाट बाळगणाऱ्याला घरचे वेडा म्हणतात आणि फियाटशेजारी हेरल्ड आणणाऱ्याला शेजारी रसिक म्हणतात, हिशेब मात्र वेड्याचा बरोबर असतो.) तेच पाने, तोच मिस्त्री, त्याच सुट्या भागांचा साठा दोघींना पुरतो आणि एक बंद पडली तर दुसरीचा डायनॅमो, म्हणजे बॅटरी भारित करणारे यंत्र, काढून खोट नेमकी कोठे आहे ते ताडून पाहता येते.

तरी हेरल्डच हवी असेल, तर ज्यांच्या फियाटचे ब्रेक, वायरिंग किंवा तळाचा पत्रा यांपैकी काहीही बाकी आहे, त्यांनी हेरल्डचे पैसे तिकडेच घालावेत. ज्यांचे ते सारे झाले आहे आणि ज्यांच्याकडे छपराखाली आणखी एका गाडीची जागा रिकामी आहे, त्यांनी खुशाल हेरल्ड घ्यावी. फक्त काम काढावे लागणारी स्वस्त गाडी सोडून, काम पुरे झालेली महाग गाडी घ्यावी, आणि बयाणा देण्यापूर्वी मूळ आरसी बुक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.