गाडी थंड ठेवा

बजेट तीन लाख म्हणजे गाडी अडीच लाखांची. जुनी गाडी बघायला बरोबर चला म्हणून जो कुणी येतो, त्याला आधी हे पटवून द्यावं लागतं. उरलेल्या पन्नास हजारांना वाटा पुष्कळ आहेत: गाडी नावावर करणं, विमा, चारातले निदान दोन टायर, बॅटरी, एक पूर्ण सर्व्हिस आणि नशिबात असली तर क्लच प्लेट. विकणारा कितीही म्हणो, "एक रुपयाचं काम नाही, घ्या आणि पळवा." काम असतंच. सगळे पैसे खरेदीतच घालवलेला माणूस महिन्याभरात ब्रेकची कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखं करायला लागतो.

*

सध्याचं गिऱ्हाईक खालच्या मजल्यावरचं जोडपं. एक मुलगी, घरात आजी, दोघांच्या नोकऱ्या. त्याला स्विफ्ट हवी, तिला पार्किंगमध्ये मावेल ती. आजींना कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, त्यांना घेऊन चला. आजी स्विफ्टमध्ये बसल्या, दाराची चौकट धरून कशाबशा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर विहिरीत उतरल्यासारखी." वॅगनआरमध्ये त्या आडव्या वळून सरळ आत सरकल्या. सीट गुडघ्याच्या उंचीला. विषय तिथेच मिटला.

*

पुण्यातल्या आमच्या बिबवेवाडीचा एक फायदा म्हणजे गाडी तपासायला लागणारा चढ फुकट मिळतो. गंगाधाम चौकातून आई माता मंदिराकडे वर जायचं. गाडीत घरची सगळी माणसं बसवायची. एकट्या विकणाऱ्याला घेऊन चढवलेली गाडी काहीच सांगत नाही. एसी चालू. दुसऱ्या गिअरमध्ये चढ धरायचा आणि निम्म्यावर ॲक्सिलरेटर दाबायचा. इंजिनाचा आवाज वाढला, आरपीएमचा काटा वर गेला, पण गाडीचा वेग तेवढाच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. जळका वास आला तर बोलायलाच नको. मग बाजूला, रहदारी नसेल तिथे, गाडी थांबवून नुसता हँडब्रेक ओढायचा. धरला पाहिजे. ऑटोमॅटिक सेलेरिओ बघत असाल (२०१४ साली आली, भारतात एएमटी तिनेच आणली), तर चढावर ब्रेक सोडल्यावर ती किती मागे येते ते बघा. मागे कायम एखादा रिक्षावाला चिकटून उभा असतो.

उतरताना ब्रेक. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क. गाडी एका बाजूला ओढली तर बरंच काही असू शकतं, ते मेकॅनिकला सांगू द्या.

*

मायलेज किती, हा प्रश्न सगळे विचारतात. टायर कोणत्या साली बनले, हे कुणी बघत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३१२२ म्हणजे २०२२ चा एकतिसावा आठवडा. मीटर चाळीस हजार दाखवतंय, टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत. अशा वेळी मीटरवर विश्वास ठेवायचा की रबरावर, हे सांगायला नको. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरावर जुन्या नोंदी असतात. विकणाऱ्याला बरोबर न्या आणि त्यालाच मागायला लावा. त्याने टाळाटाळ केली तर ते उत्तरच समजा.

*

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर. माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत नदीचं पाणी शिरलं. पाण्यात बुडालेली प्रत्येक गाडी काही भंगारात गेली नाही. काही धुतल्या, पॉलिश केल्या आणि विकल्या गेल्या.

म्हणून दक्षिण पुण्यातली त्या पुरांआधीची गाडी असेल तर मी सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढतो. वरचा भाग स्वच्छ असतो, शेवटच्या वितीत गाळाची पिवळट रेघ सापडते. मग सीट पुढे सरकवून खालच्या रुळांवरचा गंज. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात हात फिरवायचा, बोटाला बारीक माती लागते का. काचा बंद करून पाच मिनिटं उन्हात बसा. आत भरपूर अत्तर मारलेलं असेल तर संशय वाढवा. वायरिंगमध्ये गेलेलं पाणी वर्षभराने बोलतं, आणि तेव्हा विकणारा फोन उचलत नाही.

*

कोणती घ्यावी? २०१० नंतरच्या वॅगनआरचं ९९८ सीसीचं इंजिन गल्लीतला प्रत्येक मिस्त्री डोळे मिटून खोलतो, आणि त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ह्युंदाई आय-१० घेतली तर १.२ ची, १.१ ला बेल्ट आहे, तो कधी बदलला ते विचारा. पोलो चाकणला बनायची, चालवायला झकास. पण तिचे पार्ट महाग, आणि या बजेटमध्ये ती हौस आहे. शेव्हरोलेची बीट तळेगावची. कंपनीने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री थांबवली, म्हणून ती स्वस्त दिसते. फोर्ड फिगोचंही तसंच. नाना पेठेत पार्ट मिळतात, मिळत नाहीत असं नाही, पण शनिवारची दुपार त्यात जाते.

डिझेल नको. शाळा, मार्केटयार्ड आणि दिवाळीला गाव, एवढ्याला डिझेल लागत नाही.

सीएनजी असेल तर आरसीवर तशी नोंद हवी आणि टाकीच्या चाचणीची तारीख बघावी. दर तीन वर्षांनी ती करावी लागते. आणि आजींसाठी उद्या व्हीलचेअर लागली तर टाकीमुळे ती डिकीत मावणार नाही, हे आधीच लक्षात घ्या.

*

एक गोष्ट मला खटकते आणि ती लिहून ठेवतो. आम्ही सगळे इंजिनाबद्दल बोलतो, टक्कर झाली तर काय, हे बोलत नाही. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१९ साली वॅगनआरला दोन तारे मिळाले, २०२० च्या सुरुवातीला टाटा टिआगोला चार. जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीत ड्रायव्हरपुढे एअरबॅग सक्तीची झाली, शेजारच्या सीटपुढची २०२२ पासून. २०१९ च्या आधीच्या स्वस्त मॉडेलांत बहुधा एकही नसते. स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर खूण आहे का, तुमच्या डोळ्यांनी बघा. खालच्या मजल्यावरचा तो रोज कात्रजच्या घाटातून जाणारा असता तर मी त्याला टिआगोच घ्यायला लावली असती.

*

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरायला हवी. विकणाऱ्यांना हे सोयीस्करपणे आठवत नाही. तुम्ही आठवण करून द्या, शांतपणे, चहा पिताना.

*

कागद. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी तो उतरवून घ्या, तोंडी "लोन संपलंय" चालत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. ई-चलान बाकी किती, ते नंबर टाकून बघा. सातारा रोडवर रोज फिरलेल्या गाडीचं शून्य निघालं तर मला आश्चर्य वाटेल. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो, विम्याचा हिशेब तसा करा. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ कागदावर दोघांच्या सहीने लिहा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अपघाताची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची. हे विकणाऱ्याला सांगितलं की नाव बदलायची घाई तोच करतो.

पंधरा वर्षं पुरी होत आलेली गाडी घेऊ नये. पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, तपासणी. स्वस्ताई तिथेच संपते.

*

शनिवारी सकाळी धनकवडीतली २०१७ ची वॅगनआर बघायला जायचंय. थंड इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं, मागून निळा धूर येतो का, चेन क्षणभर खडखडते का, हे तेव्हाच कळतं. मालकांचा रात्री फोन आला. फार अगत्यशील गृहस्थ. म्हणाले, "तुम्ही नऊला या, मी आधी एक चक्कर मारून गाडी गरम करून ठेवतो."

म्हटलं, आम्ही आठलाच येतो.